समानार्थी नावाची अफवा

विषय दिलाय इंग्रजी शब्दांची नाती. सगळी सांगतो, पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या, त्याशिवाय पुढे जाताच येणार नाही मला. दुखणं म्हणजे समानार्थी शब्द. वहीच्या पानाला मधोमध घडी घालायची, डावीकडे बिग, उजवीकडे लार्ज, आणि घोका. घोकलंय ना सगळ्यांनी? मग माझ्याकडे एक मुलगी निबंधात लिहिते, 'माय लार्ज ब्रदर'. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, वहीप्रमाणे अर्थही बरोबर, आणि वाचणाऱ्याला वाटतं भाऊ अंगाने आडवा आहे! हसा, पण तिचं काय चुकलं सांगा. बिगमध्ये वयाने मोठा हा अर्थ बसतो, लार्जमध्ये नाही बसत, हे त्या घडीच्या पानावर कुठे होतं? बिग मिस्टेक चालतं, लार्ज मिस्टेक कानाला टोचतं. पण रक्कम आली, आकडा आला की लार्जची चलती.

मुळात एवढे शब्द आले कुठून? 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच येऊन बसली. म्हणून गोठ्यातली काऊ जुन्या इंग्रजीतली आणि ताटातलं बीफ फ्रेंचमधून आलेलं. शीप आणि मटनचंही तेच. वरून विद्वानांनी लॅटिन ओतलं ते वेगळंच. आस्क घरचा, क्वेश्चन फ्रेंचमधला, इंटरॉगेट लॅटिनमधला. मित्र आस्क करतो, वकील क्वेश्चन करतो, पोलीस इंटरॉगेट करतात. तिन्हींचा अर्थ विचारणे, पण घाम फक्त तिसऱ्यातच फुटतो.

आता थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश. पीटर मार्क रोजे, पेशाने डॉक्टर, 1852 साली त्याने तो छापला, आणि शब्द लावले ते कल्पनेप्रमाणे, म्हणजे डोक्यात अर्थ आहे पण शब्द सापडत नाहीये अशा माणसासाठी. आपण काय करतो, तर सापडलेला चांगला साधा शब्द काढून भारीतला घालतो. 'यूज'वर राइट क्लिक करून 'यूटिलाइज' करणाऱ्यांचा मला फार राग आहे, इथेही असतील दोनचार, असू देत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मग पळतो. विरुद्धार्थी एका जातीचे नसतात. हॉट-कोल्डच्या मध्ये वॉर्म, कूल असं बरंच काही मावतं. डेड-अलाइव्हच्या मध्ये काही नाही. बाय-सेल हा एकच व्यवहार, दोन बाजूंनी पाहिलेला. आणि इन्फ्लेमेबल हा फ्लेमेबलचा उलटा नाहीच, दोन्ही पेट घेणारेच, तेवढं लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. पुढे, रोज हा फ्लॉवरचा प्रकार आणि पेटल हा फ्लॉवरचा भाग, ही दोन नाती वेगळी. बॅट म्हणजे वटवाघूळ आणि बॅट म्हणजे खेळायची, हे नुसते आवाजाने सारखे, घराणी वेगळी. पण माणसाचं माउथ आणि नदीचं माउथ, तिथे एकाच शब्दाचा अर्थ पसरलाय. सँक्शन तर परवानगीही देतो आणि निर्बंधही घालतो.

राहिली शब्दांची सोबत, म्हणजे कुठला शब्द कुणाबरोबर नांदतो, कोलोकेशन म्हणतात ते, खरं तर यावरच बोलायचं होतं. जे. आर. फर्थ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 1957 मध्ये म्हटलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. टी स्ट्राँग असतो, इंजिन पॉवरफुल असतं, रेन हेवी असतो, आणि याला नियम मागू नका. वहीत एकटा शब्द लिहूच नका, शेजाऱ्यासकट लिहा, मेक अ डिसिजन, डू होमवर्क, असं. हो हो, उठतो, प्रश्न बाहेर विचारा, यूटिलाइजवाल्यांनी सगळ्यात शेवटी.