वाट निवडताना चढ मोजावा

नमस्कार श्रोतेहो.

गुरू गोविंदसिंगजींच्या आयुष्याचा अखेरचा काळ ज्या नांदेडात गेला, त्या नांदेडहून हेमकुंडाच्या यात्रेला निघालेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. गुरूजींनी पूर्वजन्मी त्या सरोवराकाठी तप केले, अशी श्रद्धा आहे. याच हेमकुंडाच्या वाटेवर, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, 1982 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेली फुलांची दरी आहे. घांगरिया या शेवटच्या मुक्कामाच्या पुढे वाट दुभंगते. डावीकडची दरीत जाते, उजवीकडची हेमकुंडाला चढते. यापैकी कोणती वाट कोणी धरावी, आणि ते कशावरून ठरवावे, याविषयी मी आज बोलणार आहे.

पहिल्या वेळी मी चूक केली, ती आधी सांगतो. घांगरियापासून हेमकुंड 6 किलोमीटर, हा एकच आकडा मी मनात धरला होता. आम्ही रोज सकाळी गोदावरीच्या काठाने तेवढे चालतोच, असे म्हणून मी एकसष्ट वर्षांच्या माझ्या थोरल्या बहिणीला सोबत नेले. ताई वर पोहोचली खरी, पण उतरताना तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि घांगरियात परतेपर्यंत अंधार पडला. पावसात, निसरड्या दगडांवरून, एकाच विजेरीच्या उजेडात काढलेला तो शेवटचा तास मी विसरू शकत नाही. दोष वाटेचा नव्हता. मी लांबी मोजली होती, चढ मोजला नव्हता.

चढ मोजण्याची एक जुनी आणि सोपी रीत आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये असा हिशेब सुचवला की, साधारण दर 5 किलोमीटरला एक तास धरावा आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास जोडावा. घांगरिया सुमारे 3,050 मीटर उंचीवर आहे आणि हेमकुंड सुमारे 4,300 मीटरवर, म्हणजे चढ साडेबाराशे मीटरच्या आसपास होतो. चालण्याचा सव्वा तास आणि चढाचे दोन तास मिळून सव्वातीन तास झाले. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि न थांबता चालण्याचा आहे. विरळ हवा, पाऊस आणि विसावे धरले, तर आपल्यासारख्यांना पाच-सहा तास सहज लागतात. दरीची वाट तीन-चार किलोमीटरची आहे. तिच्यात पुष्पावती नदीचा पूल ओलांडल्यावर एक उभा टप्पा लागतो, पण तो संपला की दरी उघडते आणि पुढे चढ सौम्य राहतो.

मराठवाड्यातल्या माणसाला हा फरक देवगिरीवरून चटकन समजेल. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे 200 मीटर उंच आहे. अंधारी मार्गातून बारादरीपर्यंत चढताना जी दमछाक होते, तशी एका दिवसात सहा वेळा, आणि तीही विरळ हवेत, म्हणजे हेमकुंडाचा चढ. समुद्रसपाटीला हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच तिथे उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन महिने देवगिरी, माहूरच्या पायऱ्या किंवा गौताळ्याच्या डोंगरवाटा पाठीवर सामान घेऊन चढाव्यात आणि विशेषतः उतरण्याचा सराव करावा, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. मात्र या सरावाने पाय तयार होतात, शरीराला विरळ हवेची सवय होत नाही. ती सवय उंचावर राहूनच लागते.

म्हणूनच माझे मत असे आहे की, पुलना गावापासून सुमारे 10 किलोमीटर चालून घांगरियात पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी दरीत जावे आणि हेमकुंड तिसऱ्या दिवसासाठी ठेवावे. आधी अवघड वाट उरकून घेऊ, असे पुष्कळ जण म्हणतात; मला ते पटत नाही. एक रात्र अधिक मिळाली की शरीर थोडे रुळते आणि आपल्यापैकी कोण कसे चालते, हेही दरीत कळून येते. डोके ठणकू लागले, मळमळले, तोल जाऊ लागला, तर पुढे एक पाऊलही न टाकता खाली उतरावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी घरूनच वैद्यकीय सल्ला घेऊन निघावे.

सोपी वाट म्हणजे निष्काळजीपणाची मुभा नव्हे. लंडनमधील क्यू येथील वनस्पती उद्यानासाठी नमुने गोळा करणाऱ्या मार्गारेट लेग 1939 मध्ये याच दरीतल्या उतारावरून घसरून मरण पावल्या. त्यांची समाधी आजही दरीत आहे. तेव्हा फुलांसाठी पायवाट सोडू नये. दरीत खेचरे नेता येत नाहीत, हेमकुंडाच्या वाटेवर ती मिळतात. त्या वाटेच्या शेवटी हजाराहून अधिक पायऱ्यांचा जवळचा मार्ग आहे आणि वळणावळणाची लांब वाटही. दम असेल तरी मी लांब वाटच सुचवेन. दोन्ही ठिकाणी रात्री राहता येत नाही, त्यामुळे मागे फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवावी आणि ती सोबतच्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या गतीवरून ठरवावी.

दुसऱ्या वेळी आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, तेव्हा ताईने एकच दिवस, तोही दरीचा निवडला. आम्ही हातात काठ्या घेऊन सकाळी सातला निघालो आणि जागोजागी बसत गेलो. दरी उघडली, तेव्हा समोर माणसाच्या खांद्याला लागतील एवढी उंच गुलाबी फुले दूरवर पसरली होती. ताईने एका फुलाकडे, हात न लावता, बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला तेरडाच!" तिचे बरोबर होते, ती झाडे तेरड्याच्याच कुळातली. दुपारी एकच्या ठोक्याला आम्ही मागे फिरलो, आणि चार वाजण्यापूर्वी ती कोणाचाही हात न धरता घांगरियात पोहोचली होती.