हिरवा कोण, तपकिरी कोण?

सप्टेंबर महिना. न्यू जर्सीतल्या एका घराचं परसदार. गोल्डनरॉडच्या पिवळ्या तुऱ्यांवर मधमाश्यांची वर्दळ आहे, आणि तिथेच, देठाला चिकटून, एक प्रार्थना कीटक, म्हणजे मँटिस, दबा धरून बसलाय.

पण कोणता? अमेरिकेच्या पूर्व भागात, बागेत दिसणारे मँटिस मुख्यतः चार. त्यांतला मूळचा इथला एकच, कॅरोलिना मँटिस. चायनीज मँटिस १८९६ च्या सुमारास फिलाडेल्फियाजवळ आढळला, बहुधा रोपांबरोबर आलेला. युरोपियन मँटिसची नोंद १८९९ ची, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची. आणि चौथा नॅरो-विंग्ड, तोही आशियातलाच. गंमत अशी, की कनेटिकटने राज्यकीटक म्हणून निवडला तो युरोपियन!

रंगावर जाऊ नका. एकाच जातीत हिरवेही असतात, तपकिरीही. पुढचे पाय उचलले की काखेत काळा ठिपका दिसतो का? बऱ्याचदा त्याच्या मधोमध पांढरा टिपका असतो. दिसला, तर तो युरोपियन. कॅरोलिनाची मादी त्याहून सोपी: जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर, आणि पंख इतके आखूड की पोटाचं टोक उघडंच राहतं.

खरी कसोटी लागते ती चायनीज आणि नॅरो-विंग्ड यांच्यात. दोघेही लांब, दोघेही सडपातळ, दोघांच्याही तपकिरी पंखांना हिरवी किनार असू शकते. लांबी मोजून फारसं काही हाती लागत नाही. चायनीजची मादी दहा सेंटिमीटरपर्यंत जाते खरी, पण नर लहान असतात. त्यापेक्षा कीटकाला काचेच्या बरणीत घ्या आणि खालून बघा. पुढच्या दोन पायांच्या मधोमध, छातीवर, एक डाग असतो. फिकट पिवळा असेल तर चायनीज. गडद नारिंगी असेल तर नॅरो-विंग्ड. तरी शंका उरली, तर पंख उघडायची वाट पाहा: चायनीजचे मागचे पंख जांभळट-तपकिरी, डागाळलेले, नॅरो-विंग्डचे बरेचसे पारदर्शक.

एवढा खटाटोप कशासाठी? चायनीज मँटिस कीड खातो, तशीच मधमाशी आणि फुलपाखरूही खातो. साखरपाण्याच्या भांड्यावर येणारे हमिंगबर्ड धरल्याच्याही नोंदी आहेत. तरीही त्याची अंडी 'कीडनियंत्रण' म्हणून दुकानांत विकली जातात. मला हा व्यवहारच उलटा वाटतो.

ती अंडी ओळखायला हिवाळा बरा. पानं झडली की काड्यांवरची वेष्टणं उघडी पडतात. चायनीजचं वेष्टण फुगीर, गोलसर, वाळलेल्या फेसासारखं. नॅरो-विंग्डचं लांबट, निमुळतं. कॅरोलिनाचंही लांबटच, पण गुळगुळीत, काडीला चपटं बिलगलेलं, आणि पाठीवर फिकट पट्टा. परदेशी मँटिस काढायला निघालेले हौशी बागकाम करणारे नेमकं हेच कापून टाकतात. तेव्हा गोल, फेसाळ असेल तरच कात्री लावा. पट्टा दिसला, तर ती काडी छाटणीतूनही वगळा. मे-जूनमध्ये त्यातून कॅरोलिनाची पिल्लं बाहेर पडतील.