तसा बरा होता

(दृश्य: काळ्या पडद्यावर नावं वर सरकताहेत. संगीत संपत आलंय.)

चित्रपट संपलाय. पडद्यावरची नावं कुणी वाचत नाहीये. खोलीतला दिवा अजून लागलेला नाही. मी शेजारी बसलेल्या ताईला विचारतो, "कसा वाटला?"

ती क्षणभरही न थांबता म्हणते, "तसा बरा होता."

ह्या 'बरा'कडे जरा नीट बघू. "बरा होता" असं एका दमात, मान हलवत म्हटलं तर समजावं, वेळ वाया गेला नाही. "बराऽ होता" असं लांबवलं, की चित्रपट पडला. "बरा होता की!" म्हणजे आधी कुणीतरी त्याला नावं ठेवलेली आहेत आणि बोलणारा त्याची बाजू घेतोय. आणि "तसा बरा होता" ह्यातल्या 'तसा'च्या मागे एक 'पण' उभा असतो. तो लगेच बाहेर येत नाही. शब्द एकच, निकाल चार, आणि ऐकणाऱ्याला ते चारही बरोबर कळतात.

मी फोन हातात घेतो. स्क्रीनवर पाच रिकामे तारे आहेत.

'तसा बरा' म्हणजे किती तारे?

(दृश्य: अंगठा. तिसऱ्या आणि चौथ्या ताऱ्याच्या मध्ये घुटमळतोय.)

चित्रपटाला तारे द्यायची पद्धत बरीच जुनी आहे. १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर ह्या समीक्षक परीक्षणासोबत तारे देऊ लागल्या. त्यांचं माप तीन ताऱ्यांत संपायचं. पुढे टीव्हीवर जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट ह्या समीक्षकांच्या जोडीने तारेही बाजूला ठेवले. अंगठा वर किंवा अंगठा खाली, विषय संपला. पण तोवर निकाल देणारे मोजके होते आणि बाकीचे वाचणारे. १९९० मध्ये कोल नीडम नावाच्या चित्रपटवेड्या माणसाने इंटरनेटवरच्या चर्चागटातल्या याद्या गोळा करून एक साठा उभा केला. चित्रपटांची माहिती आणि गुण मांडणारं आजचं आयएमडीबी हे संकेतस्थळ ते हेच. १९९८ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते विकत घेतलं, त्याच वर्षी समीक्षकांची मतं एका जागी गोळा करणारं रॉटन टोमॅटोज सुरू झालं, आणि हळूहळू घरी बसून चित्रपट बघणारा प्रत्येक जण परीक्षक झाला. इतिहास इथेच सोडू. आपल्याला त्या अंगठ्याकडे परत जायचंय.

दहापैकी गुण द्यायचे असतील तर बहुतेकांचा हात सातावर जातो. सात हा भिडस्त माणसाचा आकडा आहे. आठ दिले तर कुणी विचारेल, एवढं काय होतं त्यात? सहा दिले तर वाटतं, बिचाऱ्यांनी मेहनत तर केली होती. आणि पाच? एक ते दहाच्या मोजपट्टीवर खरा मध्य साडेपाचावर येतो, म्हणजे पाच हा जेमतेम मध्याखालचा आकडा. पण पाच मिळालेला चित्रपट आपण मधला मानत नाही, पडलेला मानतो. मग खालचे चार आकडे उरतात कशाला? रागावलेल्यांसाठी. त्यातही दोन-तीनपर्यंत कुणी थांबत नाही, चिडलेला माणूस थेट एकावर उतरतो.

आणि ज्याला खरोखर 'ठीक' वाटलं, तो काय करतो? तो झोपायला जातो. न सांगता राहवत नाही असे दोघंच, भारावलेला आणि भडकलेला. म्हणून मतांचा ढीग अनेकदा दोन्ही टोकांना साचतो आणि मधली सगळी माणसं हिशोबातून गळतात. कुठल्याही चित्रपटाखालची मतं वाचताना मला नेहमी त्या न लिहिणाऱ्यांची आठवण होते. संख्येने तेच जास्त असणार, असा माझा संशय आहे.

(दृश्य: कोऱ्या कागदावर पेन्सिलीने आकडे लिहिले जाताहेत.)

आता थोडं गणित. फार नाही.

समजा, एक चित्रपट दहा जणांनी बघितला. दहाही जण म्हणाले, "ठीक आहे, बघायला हरकत नाही." दुसराही दहा जणांनी बघितला. सहा जण त्याच्यावर जीव टाकतात, चौघांना तो अजिबात सहन झाला नाही. रॉटन टोमॅटोजच्या टोमॅटोमीटरवर समीक्षकांच्या मतांची फक्त दोन खोक्यांत वाटणी होते, अनुकूल आणि प्रतिकूल. त्या रीतीने मोजलं तर पहिल्याला १०० टक्के आणि दुसऱ्याला ६०. आता ६० टक्क्यांना तिथे 'ताजा' म्हणतात, त्याखाली 'सडका'. म्हणजे चौघांच्या जागी पाच जण नाराज झाले असते, तर उरलेल्या पाच जणांचा सर्वांत आवडता चित्रपट 'सडका' ठरला असता. आणि पहिला? कुणालाच फारसा न आवडलेला, पण शंभर टक्के. ह्यात लबाडी काहीच नाही. किती लोकांना आवडला एवढंच तो आकडा सांगतो. किती आवडला, हे आपण आपल्या मनाने त्यात वाचतो.

आयएमडीबीची रीत वेगळी. तिथे एक ते दहा गुण असतात, पण दिसतो तो आकडा साधी सरासरी नसतो, मतांना वजन लावलेलं असतं. सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठीचं सूत्र तर त्यांनी जाहीरच केलेलं आहे. मतं कमी असतील तर चित्रपटाला सर्वसाधारण सरासरीकडे खेचायचं, हे त्यातलं तत्त्व, आणि उंबरठा २५,००० मतांचा. समजा, बाकी सगळ्यांची सरासरी ७ आहे. एखाद्या चित्रपटाला बरोबर २५,००० मतं पडली आणि त्यांची सरासरी ९ आली, तर सूत्र त्याला ८ देतं, निम्मा स्वतःचा आणि निम्मा सगळ्यांचा. मला हे सूत्र मनापासून आवडतं. वीस जण ओरडून सांगत असले तर आपणही हेच करतो. म्हणतो, असेल, असेल, पण आणखी चार जणांना बघू दे.

अर्थात सूत्र कितीही शहाणं असलं तरी माणसं माणसंच. २००८ मध्ये 'द डार्क नाइट' आला आणि आल्या आल्या त्या यादीत पहिल्या जागेवर पोचला. तिथे कित्येक वर्षं 'द गॉडफादर' बसलेला. दोन्हीकडचे चाहते हट्टाला पेटले आणि समोरच्याला एकेक गुण देत सुटले. धूळ बसली तेव्हा पहिल्या जागेवर तिसराच होता, 'द शॉशँक रिडम्प्शन'. १९९४ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा तिकीटबारीवर आपटलेला चित्रपट.

(दृश्य: पुन्हा अंगठा. चौथ्या ताऱ्याकडे सरकतो, मागे येतो.)

पण सगळे भांडखोर नसतात. बहुतेक जण प्रामाणिकपणे गुण द्यायला बसतात, आणि खरी गंमत तिथे आहे. आपण नक्की कशाला गुण देतो?

बार्बरा फ्रेडरिकसन आणि डॅनियल कानमन ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना कथानक नसलेल्या छोट्या चित्रफिती दाखवल्या, काही सुखद तर काही बघवणार नाहीत अशा. एकेका चित्रफितीची छोटी आणि लांब, अशा दोन आवृत्त्या होत्या. बघताना क्षणाक्षणाला काय वाटतंय ते नोंदवून घेतलं आणि शेवटी विचारलं, एकूण कसं वाटलं? उत्तरात चित्रफितीच्या लांबीला जवळजवळ किंमतच नव्हती. मोजला गेला तो सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट.

म्हणून "सेकंड हाफ ढेपाळतो" हे वाक्य इतकं जीवघेणं असतं. पहिला तास कितीही बांधीव असला तरी त्याचं कौतुक शेवटच्या वीस मिनिटांच्या हाती असतं. उलट, दीड तास जांभया देणारा माणूस शेवटच्या एका प्रसंगाने डोळे पुसत उठतो आणि म्हणतो, "काय चित्रपट आहे!" मीही त्यातलाच आहे, नाकारत नाही.

दुसरा प्रयोग २००३ चा, मिनेसोटा विद्यापीठातल्या मूव्हीलेन्सचा. चित्रपट सुचवणारी ही प्रणाली तुम्ही एखाद्या चित्रपटाला किती गुण द्याल ह्याचा आधीच अंदाज बांधते. संशोधकांनी लोकांना, त्यांनी पूर्वी गुण दिलेल्याच चित्रपटांना पुन्हा गुण द्यायला सांगितलं. शेजारी प्रणालीचा 'अंदाज' दाखवला, पण काही ठिकाणी तो मुद्दाम एक ताऱ्याने चढवला, काही ठिकाणी उतरवला. लोकांची मतं त्या खोट्या अंदाजाच्या दिशेने सरकली. चित्रपट तोच, बघणारा तोच, मत आधीच देऊन झालेलं, तरीही. फसवल्या गेलेल्यांचं त्या प्रणालीबद्दलचं समाधान मात्र घटलं. काहीतरी बिनसलंय हे जाणवत होतं, काय ते सांगता येत नव्हतं.

आता सांगा, चित्रपट लावण्याआधी त्याचे गुण बघणारे आपण त्याला स्वतःचे गुण देतो, की आधीच्यांच्या आकड्यात किंचित फेरफार करतो?

(दृश्य: खोलीतला दिवा लागतो. टीव्हीच्या काचेत दोन माणसांचं प्रतिबिंब.)

नेटफ्लिक्सला हा घोळ फार आधी कळला होता. २००६ मध्ये त्यांनी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. दहा कोटींहून जास्त गुण, साधारण चार लाख ऐंशी हजार प्रेक्षक, १७,७७० चित्रपट असा ऐवज नावं काढून लोकांपुढे ठेवला आणि म्हटलं, आमच्यापेक्षा १० टक्के अचूक अंदाज बांधून दाखवा. तीन वर्षं जगभरचे गणिती त्यावर तुटून पडले आणि २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं. त्या झटापटीत एक मजेशीर गोष्ट हाती लागली, ती म्हणजे गुणांना दिवस असतो. एकच माणूस एखाद्या दिवशी सगळ्यांनाच सढळ हाताने देतो आणि एखाद्या दिवशी सगळ्यांनाच कात्री लावतो. हे धरल्यावर अंदाज सुधारला.

आणि २०१७ मध्ये त्याच नेटफ्लिक्सने पाच तारे काढूनच टाकले. अंगठा वर, अंगठा खाली. चाचणीत अंगठ्यांना ताऱ्यांपेक्षा २०० टक्के जास्त प्रतिसाद आला होता. त्यांचं आणखी एक निरीक्षण होतं आणि ते आपल्या सगळ्यांना उघडं पाडणारं आहे. लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे देतात, आचरट विनोदी चित्रपटाला तीन, आणि रात्री पुन्हा तो तीनवालाच लावतात. तारे आपण मखरात बसवायच्या चित्रपटाला देतो, दमून आल्यावर लागतो तो दुसराच. त्याला आपल्याकडे शब्द आहे, टाइमपास. नाक मुरडूनही म्हणतात आणि प्रेमानेही. "डोकं बाजूला ठेवून बघ, मजा येईल." ह्या वाक्याला पाचपैकी किती द्याल?

(दृश्य: जुनी वही. पानं उलटताहेत. शाई फिकी झालेली.)

ही माझी वही. बघितलेल्या प्रत्येक चित्रपटापुढे मी गुण लिहायचो. एका पानावर, एका चित्रपटापुढे मोठ्या दिमाखात साडेचार लिहिलंय, पाचपैकी, आणि खाली दोन रेघा मारल्यात. मला त्यातलं एक दृश्य आठवत नाही. त्यात कोण होतं, काय झालं, काहीच नाही. त्याच्या तीन ओळी खाली अडीच दिलेला एक आहे. पुढे कंसात 'रटाळ' असंही लिहिलंय. त्या रटाळ चित्रपटातला म्हातारा चपला घालायला वाकतो आणि वाकलेलाच राहतो. कितीतरी वेळ. तो अजून अधूनमधून माझ्यासमोर येऊन वाकतो.

मी ते गुण खोडले नाहीत. त्या रात्री मला कंटाळा आला होता, हे खरंच होतं.

तेव्हापासून मी लोकांचे आकडे जरा कमी वाचतो आणि आकड्याखालची ओळ जास्त. "पोरांबरोबर बघितला, मध्ये दोनदा उठावं लागलं, नीट कळला नाही. दोन तारे." ह्या माणसाने चित्रपटाला नाही, संध्याकाळीला दोन तारे दिलेत, आणि तसं सांगूनही टाकलंय. "ट्रेलर बघून मारामारी असेल वाटलं, हे तर रडारड निघालं. एक तारा." ज्याला रडारड हवी आहे त्याच्यासाठी ही शिफारसच झाली. अमेरिकेतली सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्याच रात्रीच्या प्रेक्षकांकडून ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी घेते. पहिल्या रात्री येणारे बहुतेक आवडून घ्यायच्या तयारीनेच आलेले असतात, त्यामुळे तिथे सी मिळाली तरी ती वाईट बातमी समजतात. काय बघायला मिळेल असं सांगितलं होतं आणि काय मिळालं, ह्यातलं अंतर त्या श्रेणीत बरंच असतं.

(दृश्य: सकाळ. खिडकीतून ऊन. टेबलावर फोन, स्क्रीन उजळते. पाच तारे, अजून रिकामे.)

रात्री मी तारे न देताच झोपलो. सकाळी ताई केस विंचरत दारात येऊन उभी राहते. हातातला कंगवा थांबलाय.

"ऐक ना रे."

"काय?"

"पण शेवटी तिने दार लावलं का?"

"लावलं की."

"नाही रे. हात कडीपर्यंत गेला होता. लावलेलं दाखवलंच नाही."

मी रिमोट शोधू लागतो.