कुझ्नेत्सोवाची वेणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय स्वेतलाना कुझ्नेत्सोवाबद्दल. रशियाची टेनिसपटू. शारापोवा म्हटलं की सगळे ओळखतात, कुझ्नेत्सोवा म्हटलं की "ती कोण?" असं विचारतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना ग्रँड स्लॅम म्हणतात. तिच्याकडे एकेरीची दोन ग्रँड स्लॅम विजेतेपदं, दुहेरीची दोन, आणि जागतिक क्रमवारीत दुसरा नंबर. पुन्हा सांगते, एकेरीत दोन, दुहेरीत दोन, क्रमवारीत दुसरी.

जन्म १९८५ चा, लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा. घर सायकलवाल्यांचं. आई गालिना त्सारेवा सायकल शर्यतीत सहा वेळा जगज्जेती. वडील सायकलचे नावाजलेले प्रशिक्षक. भावाने १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये सायकलिंगचं रौप्यपदक मिळवलेलं. अशा घरातली लेक सातव्या वर्षी रॅकेट हातात घेते, आणि घरचे तिला घेऊ देतात. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडे दवाखाना चालवायला कुणीतरी हवं म्हणून मुलाला डॉक्टर करतात, दुकान आहे म्हणून गल्ल्यावर बसवतात. त्या मुलाला काय हवंय हे विचारायला कुणाला सवड नसते. असो.

कोवळ्या वयातच ती स्पेनला गेली, बार्सिलोनाच्या सांचेझ-कासाल अकादमीत. तिथे मातीच्या कोर्टवर तिचा फोरहँड, म्हणजे उजव्या बाजूने मारायचा फटका, घडला. हा फोरहँड लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. स्पेनमध्ये चेंडूला नुसतं ठोकत नाहीत, खालून वर घासून त्याला जबरदस्त फिरकी देतात. त्यासाठी पाय, कंबर, खांदे, सगळं अंग गर्रकन वळवावं लागतं. फोरहँड लक्षात ठेवा.

२००४ साल रशियन मुलींचं. पॅरिसला फ्रेंच ओपन मिस्किना जिंकली, विम्बल्डनला शारापोवा, आणि न्यूयॉर्कला यूएस ओपनमध्ये आपली कुझ्नेत्सोवा, वय वर्षं एकोणीस. अंतिम सामन्यात तिने रशियाच्याच देमेंतिएवाला ६-३, ७-५ असं हरवलं. त्या काळात समालोचक या सगळ्या मुलींना एकाच पिशवीत घालायचे, "सगळ्या ओवा-ओवा, सगळ्या सारख्याच." मला राग यायचा. देशमुख, कुलकर्णी, जाधव अशी नावं ऐकून कुणी "हे सगळे एकच" म्हणालं तर आपल्याला चालेल का?

पुढच्याच वर्षी दुबईत आपल्या सानिया मिर्झाने याच यूएस ओपन विजेतीला ६-४, ६-२ असं हरवलं. तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुझ्नेत्सोवाचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल, तेही हरणारी म्हणून. पण २००९ साली तिने पॅरिसची फ्रेंच ओपन जिंकली, समोर तेव्हाची अव्वल नंबरची साफिना होती, तिला ६-४, ६-२ नमवून. आणि २०११ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ती इटलीच्या स्कियावोनेशी चार तास चव्वेचाळीस मिनिटं झुंजली. ऐकलंत ना? चार तास चव्वेचाळीस मिनिटं. हातात सहा मॅच पॉइंट होते, म्हणजे सहा वेळा एक पॉइंट घेतला की सामना तिचा, सहाच्या सहा गेले, आणि तिसरा सेट १६-१४ असा हरली. महिलांच्या ग्रँड स्लॅममध्ये इतका लांब सामना त्याआधी झाला नव्हता.

आता मला जी सांगायची आहे, ती सिंगापूरची गोष्ट.

ऑक्टोबर २०१६. वर्षाअखेरची मानाची स्पर्धा तेव्हा सिंगापूरला असायची, एकेरीत फक्त आठ जणी. सात जागा भरलेल्या. आठवी जागा ब्रिटनच्या कोन्टाच्या हातात जवळजवळ आलेली. कुझ्नेत्सोवाला ती हवी असेल तर एकच रस्ता, मॉस्कोची स्पर्धा जिंकायची. नुसतं अंतिम फेरीत पोचून भागणार नव्हतं, जिंकायचीच. ती जिंकली, ६-२, ६-१. शनिवारी चषक घेतला, विमानात बसली, आणि सोमवारी सिंगापूरच्या कोर्टवर उभी. समोर कोण? आदल्या वर्षीची विजेती, पोलंडची राद्वान्स्का. वय एकतीस, अंगात मॉस्कोचा थकवा, डोळ्यांत प्रवासाची झोप.

त्या संध्याकाळी आमच्याकडे दिवाळीच्या फराळाचा घाट होता. दिवाळी आठवड्यावर आलेली. समोरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून आई करंज्या भरत होती, मी कातण फिरवत होते, आणि टीव्ही चालू होता. दुहेरीसाठी सानियाही त्या आठवड्यात सिंगापुरात होती, म्हणून मी तो चॅनेल लावून ठेवला होता. आईला टेनिसमधलं काही कळत नाही. पण वेणीतलं कळतं.

पहिला सेट कुझ्नेत्सोवाने ७-५ घेतला. दुसरा राद्वान्स्काकडे ६-१ असा गेला, अगदी सहज गेला. आई मान वर करून म्हणाली, "त्या मुलीची वेणी बघ गं. चेंडू मारला की तोंडावर येतेय."

मी पाहिलं, आणि खरंच. तो फोरहँड आठवतोय ना? खालून वर घासायचा, अंग गर्रकन वळवायचं. अंग थांबलं तरी वेणी थांबत नाही. ती मागून फिरून पुढे यायची आणि चेहऱ्यावर बसायची. आणि घामाने भिजलेली वेणी किती जड होते हे तुम्हाला मी सांगायला नको, न्हाल्यावर ओल्या केसांची वेणी घातलेल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक आहे. फटका जितका चांगला, तितका वेणीचा मार जोरात.

तिसरा सेट सुरू झाला. बाजू बदलताना खेळाडू बसतात, नव्वद सेकंद मिळतात. कुणी पाणी पितं, कुणी केळं खातं. हिने कात्री मागवली. आधी मला वाटलं बोटाला चिकटपट्टी लावायची असेल. कात्री आली. तिने वेणी खांद्यावरून पुढे घेतली, एका हातात टोक घट्ट धरलं, आणि कापायला सुरुवात केली.

आईच्या हातातली करंजी तशीच राहिली. "अगं बाई! कापतेय ती!"

जाड वेणी एका दाबात कापली जात नाही. तिलाही कात्री पुन्हा पुन्हा दाबावी लागली. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. शिवताना लोंबणारा दोरा कापावा तितक्या सहज. एवढ्या मोठ्या सामन्यात, हजारो लोकांसमोर. मग उठली आणि खेळायला गेली.

शाळेत खेळाच्या तासालाही आम्हाला दोन वेण्या, वर बांधलेल्या, लाल रिबिनी लावूनच उतरावं लागायचं. रिबीन सुटली की बाई आधी रिबिनीवरून रागवायच्या. लंगडीत, खो-खोत कोण किती चपळ आहे ते नंतर. मुलींच्या केसांची इतकी काळजी आणि त्यांच्या खेळाची इतकी कमी, हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही.

तर सामना. राद्वान्स्काला मॅच पॉइंट मिळाला. एक पॉइंट, की संपलं. कुझ्नेत्सोवाने तो वाचवला. आणि तिसरा सेट घेतला, ७-५. पुन्हा सांगते, ७-५, १-६, ७-५, एक मॅच पॉइंट वाचवून. नंतर तिने सांगितलं की फोरहँड चांगला लागला की केस डोळ्यावर आपटत होते, म्हणून मनात विचार केला, आत्ता महत्त्वाचं काय, सामना की केस? केस तर वाढतात.

आईने करंजीची कड दुमडली आणि म्हणाली, "बरोबर केलं पोरीने." माझ्या केसांना मी कधी कात्री लावलेली तिला चालली नव्हती, हे इथे सांगायला हवं.

पुढच्या सामन्यात तिने प्लिस्कोव्हाविरुद्धही मॅच पॉइंट वाचवून बाजी मारली. उपांत्य फेरीत सिबुल्कोवाने तिला तीन सेटमध्ये रोखलं, आणि ती स्पर्धा सिबुल्कोवाच जिंकली.

नंतर डाव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. क्रमवारीत ती पार खाली घसरली. २०१८ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला अंतिम फेरीत पोचली, समोर क्रोएशियाची वेकिच, आणि या वेळी वाचवले चार मॅच पॉइंट. तो तिचा एकेरीतला अठरावा चषक.

ती बातमी मी आईला वाचून दाखवली. आई तांदूळ निवडत होती. "कोण, ती वेणीवाली? केस वाढले का गं तिचे?" मी म्हटलं, "आई, दोन वर्षं होत आली त्याला."

नमस्कार.