देवाची हद्द

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘विविध धर्म आणि निसर्गसंवर्धन’ असा लिहिलाय. असा विषय मिळाला की वक्ता एकेक ग्रंथ उघडतो. अथर्ववेदातलं पृथ्वीसूक्त, बायबलातली उत्पत्तिकथा, कुराणातल्या आयती, बुद्धाची करुणा. शेवटी सगळे धर्म निसर्गावर प्रेम करायलाच शिकवतात असं सांगतो, आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, सुट्ट्यांमध्ये जंगलं पाहत हिंडले. ग्रंथात झाडांची कितीही सुंदर स्तुती असली तरी देवळाच्या दारातलं झाड तेवढ्याने वाचत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. झाड वाचतं ते तिथे, जिथे कोणीतरी हद्द आखलेली असते आणि ती ओलांडणाऱ्याला हटकायला माणूस उभं असतं. आज मला एवढंच सांगायचंय. पाच धर्मांची उदाहरणं देईन असं संयोजकांना कबूल केलंय, तीही देते. पण सुरुवात आजोळापासून करू द्या.

आजोळ संगमेश्वर तालुक्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला कातळाचा उघडा सडा, खाली भातखाचरं आणि मधे ग्रामदेवतेचं कौलारू देऊळ. देवळाच्या मागे राई. तुम्ही देवराई म्हणा, कोकणात कोणी देवरहाटी म्हणतं, आमच्याकडे नुसतं ‘राई’. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. भर दुपारीही आत गेलं की डोळे सरावायला वेळ लागायचा, इतका काळोख. पायाखाली कुजलेल्या पानांचा इतका जाड थर की पावलाचा आवाज व्हायचा नाही. सातवीण, बेहडा, आणि त्यांच्यावर चढलेली गारंबीची वेल. वेल कसली, माझ्या मांडीएवढं तिचं खोड होतं. गारंबीची शेंग माणसाच्या हाताहून लांब असते, तलवारीसारखी. आतली बी चपटी, तपकिरी आणि गुळगुळीत. तळहातावर ठेवली की मूठ मिटवावीशी वाटते.

नऊ वर्षांची असताना मी अशी एक बी उचलली आणि फ्रॉकच्या खिशात घालून घरी आणली. रात्री उशाशी ठेवली. आजीला सापडली. ‘कुठून आणलीस?’ म्हणाली. मी म्हटलं, खाली पडली होती, तोडली नाही. आजी म्हणाली, ‘पडलेलं पण त्याचंच.’ ती ओरडली नाही. सकाळी आंघोळ घालून, हातात नारळ देऊन मला देवळात नेलं. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, ‘बा म्हाराजा, लेकराकडनं काय चूक झाली असंल ती पोटात घाल,’ आणि तिथे बसलेली चारपाच माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. मग मी आत गेले आणि बी जिथून उचलली होती तिथेच ठेवून आले. झाडं प्राणवायू देतात, असं मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. ते माझं नाही, एवढंच सांगितलं. पुढे विद्यापीठात परिसंस्थेची व्याख्या पाठ करताना ही बी मला कितीदा तरी आठवली.

इथे कौल लावताना किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. अरे वा, निम्मं सभागृह! म्हणजे आज आपण कोकणातून लवकर बाहेर पडणार नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव प्रश्न घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. राईतलं एखादं झाड देवळाच्या वाशासाठी हवं असलं तरी आधी कौल. लोक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. पण व्यवहार म्हणून बघा. एका झाडासाठी सगळ्या मानकऱ्यांना एकत्र यावं लागे, गाऱ्हाणं घालावं लागे, नारळ द्यावा लागे, आणि नकाराची शक्यता दर वेळी खरी असे. आज आपण ज्याला परवानगी म्हणतो त्यात ही शेवटची गोष्ट राहिली आहे का?

सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ व. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून पाहत होते. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावाची हकिगत गाडगीळांनी सांगितली आहे. तिथली राई तोडली जाणार होती आणि ती वाचवा, असं म्हणत गावकरीच त्यांच्यापर्यंत पोचले. राई गेली तर ओढ्याचं पाणी जाईल, हे गावाला कोणी शिकवलेलं नव्हतं. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे देवाच्या राईत रानजायफळाची दलदल टिकून आहे. सतत पाण्यात उभी राहणारी ही झाडं चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून श्वास घेतात. सह्याद्रीत अशा दलदली मोजक्या उरल्यात. शासनाने आता तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलंय, पण त्याआधी ती कोणी सांभाळली?

आता जे सांगणार आहे ते सांगताना अजून त्रास होतो. आमच्या गावाने जीर्णोद्धार काढला. हेतू वाईट नव्हता. मुंबईकर चाकरमान्यांनी पोटाला चिमटा काढून वर्गणी दिली. चिऱ्याचं, लाकडी खांबांचं देऊळ उतरवून स्लॅबचं बांधायचं, पुढे मोठा सभामंडप, आणि गाड्या वर यायला रस्ता. सभामंडप आणि रस्ता राईतूनच जाणार होते. कौल लावायचं ठरलं. मी हजर होते. गुरवकाका थकले होते, त्यांचा पुतण्या पाकळ्या लावत होता. दुपारी बारा वाजता लावल्या. एक वाजला, पाकळी हलली नाही. दोन वाजले. बायका जेवणाचं बघायला उठल्या. अडीचला समितीतलं कोणीतरी म्हणालं, ‘देव गप्प हाय म्हंजे त्याची ना नाय.’ कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. माहेरवाशिणीची मुलगी, मी काय बोलणार, असं मनाशी म्हणत गप्प बसले. आठवड्याभरात झाडं कापायला कटर आला.

तिथल्या एका सातविणीच्या ढोलीत ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, वीण होती. मादी ढोलीत बसून तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर उंबराची फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. त्याला उंचच उंच जुनं झाड लागतं, कारण पोकळी पडायला खोड म्हातारं व्हावं लागतं. आमच्याकडे अशी झाडं राईत होती, दुसरीकडे कुठे नव्हती. झाड पडल्यावर नर आठवडाभर देवळाच्या शिखरावर येऊन बसत होता, असं मामेभावाने फोनवर सांगितलं. आज तिथे पेव्हर ब्लॉक आहेत, स्टीलचे कठडे आहेत, कुंड्यांत पाम आहेत. राईखालचा पऱ्या पूर्वी एप्रिलपर्यंत वाहायचा, आता शिमग्याआधीच आटतो. देव तोच, गुरवाचं घराणं तेच, श्रद्धा पूर्वीपेक्षा वाढलेली. हद्द मात्र गेली. म्हणून श्रद्धा वाढवा, निसर्ग वाचेल, असं कोणी म्हटलं की मला ती दुपार आठवते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं. कबूल केलेले पाच धर्म अजून दाराबाहेरच उभे आहेत. भराभर येऊ.

राजस्थानातले बिश्नोई. गुरू जांभेश्वरांनी 1485 साली पंथ स्थापला. वीस आणि नऊ अशा 29 नियमांचा पंथ, म्हणून बिश्नोई. त्यात हिरवं झाड तोडायचं नाही हा नियम. नियम इतका आतवर गेलेला की सरणाला लाकूड लागू नये म्हणून हे लोक मृतांना पुरतात. 1730 साली जोधपूरच्या राजाची माणसं चुनाभट्टीसाठी खेजडीची झाडं तोडायला खेजडली गावात आली. अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या, मागोमाग त्यांच्या मुली, आणि त्या दिवशी 363 माणसं मेली. हटकणारं माणूस म्हणते ते हे.

इस्लाममध्ये ‘हिमा’ आहे. म्हणजे राखीव कुरण, राखीव रान. प्रथा अरबस्तानात आधीपासून होती, पण बलदंड सरदार ती स्वतःच्या जनावरांसाठी वापरत. पैगंबरांनी ती सगळ्यांच्या हितासाठी केली आणि मदिनेभोवती झाडं तोडायला व शिकारीला मनाई केली. कुठल्या हिमात चराई कधी, गवत कापायचं कधी, मधमाश्यांसाठी काय राखायचं, हे टोळी ठरवी. 1950च्या दशकात सौदी अरेबियात ही मालकी टोळ्यांकडून काढून घेतली आणि बहुतेक हिमा चरून संपले. लोकांचा धर्म तोच होता. हटकणाऱ्याचा अधिकार गेला, आणि आमच्या गावात झालं तेच तिथे झालं.

ख्रिस्ती परंपरेत मला सर्वांत जवळची वाटतात इथिओपियाच्या उत्तर पठारावरची चर्चभोवतीची रानं. सगळीकडे नांगरलेली शेतं आणि मधे हिरवा ठिपका, आत गोल चर्च. रान हे चर्चचं वस्त्र आहे, असं तिथले लोक मानतात. गुरं आत शिरून रोपं खाऊ लागली, तेव्हा अलेमायेहू वासी आणि मार्गारेट लोमन या दोन शास्त्रज्ञांनी धर्मगुरूंशी बोलून भोवती दगडी गडगे घालायचं ठरवलं. दगड शेतकऱ्यांनी आपापल्या शेतातून वेचून आणले, त्यामुळे शेतही नांगरायला सोपं झालं. गडगा घातल्यावर आत रोपं उगवली. पोप फ्रान्सिस यांचं 2015 सालचं ‘लाउदातो सी’ हे पर्यावरणावरचं परिपत्रक मी आदराने वाचलंय, पण मला तो गडगा जास्त शिकवतो. वसईचं कोणी आहे का इथे? आहात! मग तुम्हाला सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले ते वाड्या आणि विहिरी वाचवायला. वेदीवर उभं राहून जे बोलायचे, त्यासाठी रस्त्यावरही उभे राहिले. 2024 साली ते गेले.

थायलंडमध्ये 1988च्या पुरानंतर सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. त्याच सुमाराला काही भिक्खूंनी झाडांना चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, गुंडाळून दीक्षा द्यायला सुरुवात केली. झाड खरोखर भिक्खू होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण चीवर दिसल्यावर कुऱ्हाड उचलणाऱ्याचा हात थांबतो.

पारश्यांबद्दल एकच मिनिट. अग्नी, माती, पाणी अपवित्र होऊ नये म्हणून देह गिधाडांना द्यायचा. त्यामुळे मुंबईत मलबार हिलवर डुंगरवाडीचं, म्हणजे त्यांच्या अंत्यविधीच्या जागेचं, रान राहिलं. पण गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने, मेलेली गुरं खाणारी देशभरातली गिधाडं जवळजवळ संपली. 2006 साली ते गुरांसाठी बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता. हद्द शाबूत, नियम शाबूत, आणि मरण हद्दीबाहेरच्या गोठ्यातून आलं. याचं उत्तर माझ्या सिद्धान्तात नाही. यावर तुम्ही बोला, मला ऐकायचंय.

शेवटचं. गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या बायकांनी ग्रामसभेत उरलेल्या राईचा विषय काढला. पुरुषमंडळी सर्व्हे नंबर आणि सातबाऱ्यावरच्या नावावर घोळ घालत बसली. तेवढ्यात बायकांनी चारी कोपऱ्यांना शेंदूर फासलेले दगड रोवले. मे महिन्यात मी गेले तेव्हा माझ्या नातवाने आतून काहीतरी उचललं. गडग्यापाशी लाकडाची मोळी घेऊन एक बाई उभी होती. तिने आधी त्याची मूठ उघडायला लावली, मग माझ्याकडे बघून हसली.

तुम्हाला दाखवायला गारंबीची बी आणता आली नाही, हे सांगायला नको. फोटो आणलाय, टेबलावर ठेवलाय. चहा घेता घेता बघा.