हंगामात जळणारी मोटार आणि कार्यक्षमतेचं मानक

मंडळी, हिंगणघाट-वणीकडचा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. जिनच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि नेमक्या अशा वेळी कापूस ओढणाऱ्या पंख्याची मोटार जळते. तेव्हा कोणी कार्यक्षमतेचे तक्ते पाहत बसत नाही. मोटार टेम्पोत घालून रिवायंडिंगला, म्हणजे जळलेली तार काढून नवी भरायला जाते आणि दोन दिवसांत भरून परत येते. आज मला बोलायचं आहे ते या दोन दिवसांत होणाऱ्या निर्णयाबद्दल.

थ्री-फेज इंडक्शन मोटारींसाठी, म्हणजे कारखान्यांतल्या नेहमीच्या मोटारींसाठी, आपल्याकडे आयएस 12615 हे भारतीय मानक आहे. त्यात कार्यक्षमतेचे आयई2, आयई3, आयई4 असे वर्ग आहेत; आयई1 हा त्यांच्या खालचा जुना वर्ग. आकडा जितका मोठा, तितकी वीज कमी वाया. 2018 पासून साधारण वापराच्या मोटारींना किमान आयई2 बंधनकारक झाली. युरोपात बहुतेक मोटारींसाठी जुलै 2021 पासून आयई3 लागू झाली आणि 75 ते 200 किलोवॅटच्या बहुतेक मोटारींसाठी जुलै 2023 पासून आयई4. पण हे सगळे नियम नव्या मोटारीच्या विक्रीला लागतात. तीनदा भरलेली जुनी मोटार कोणत्याच नियमात येत नाही, आणि आपल्या जिनांत अशा मोटारी ढिगानं आहेत.

वीस हॉर्सपॉवरची, म्हणजे 15 किलोवॅटची चार पोलची मोटार घ्या. आयई1 वर्गात तिची कार्यक्षमता 88.7 टक्के, आयई3 मध्ये 92.1. पूर्ण लोडवर रोज वीस तास, दीडशे दिवस चालली तर जुनी मोटार पन्नास हजारांवर युनिट खाते. आठ रुपये दर धरला तर एका हंगामाचे चार लाख. मोटारीची किंमत यापुढे किरकोळ आहे, तरी आपण घासाघीस करतो ती किमतीवरच! आयई3 घेतली तर साडेअठराशेवर युनिट वाचतात, म्हणजे जवळजवळ पंधरा हजार रुपये. जुनी मोटार भरताना दोन टक्के खाली आली असेल, तर हा फरक तीन हजार युनिटांवर जातो.

ती खाली का येते? जुनी तार निघावी म्हणून स्टेटरला, म्हणजे पातळ लोखंडी पत्रे रचून केलेल्या मोटारीच्या स्थिर भागाला, गॅसची ज्योत लावून तारेवरचं वार्निश जाळतात. आच जास्त झाली की पत्र्यांमधला इन्सुलेशनचा पातळ थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटतात आणि लोखंडातच करंट घोळून वीज वाया जाऊ लागते. त्यात मूळ गेजची, म्हणजे जाडीची तार मिळाली नाही म्हणून बारीक तार घातली की तांब्यातलं नुकसानही वाढतं. मोटार फिरते, म्हणून कोणाला कळत नाही. हा दोष रिवायंडिंगवाल्याचा एकट्याचा नाही. ताबा ठेवलेल्या तापमानाची भट्टी, तेच गेज, तेवढेच वेढे, एवढं सांभाळलं तर कार्यक्षमता टिकते. पण त्याला वेळ लागतो, आणि आपण त्याच्या डोक्यावर उभे असतो.

आता एक गोष्ट फिटर मंडळींनी नीट ऐकावी. आयई3 मोटार जुनीपेक्षा थोडी जोरात फिरते. जुनी मिनिटाला 1440 फेऱ्यांवर चालत असेल आणि नवी 1465 वर, तर फरक पावणेदोन टक्क्यांचाच. पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे पाच टक्क्यांवर. वाचलेली वीज तिथेच संपते, आणि मालक म्हणतो, नवी मोटार घेऊन बिल काही उतरलं नाही. म्हणून मोटार बदलताना पुली, म्हणजे पट्ट्याचं चाकही बदला आणि पंख्याचा वेग पूर्वीइतकाच ठेवा.

हंगाम संपला की प्रत्येक मोटारीची नेमप्लेट वाचा. किती तास चालते, पूर्ण लोडला किती अँपिअर घेते, आधी किती वेळा भरली, हे वहीत लिहा. दीर्घकाळ चालणाऱ्या पंख्यांच्या मोटारींपैकी कोणती जळाली तर भरायची नाही, हे तेव्हाच ठरवा आणि शक्य असेल तर तिच्या जागी बसणारी आयई3 मोटार, पुलीसकट, दिवाळीपूर्वी आणून ठेवा. कधीमधी चालणाऱ्या मोटारींच्या मागे लागू नका. तिथे जुनीच बरी.