जीनोटायपिंगमधली चूक शोधासारखी दिसते तेव्हा

नमस्कार. जुलै २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने बोस्टन विद्यापीठातील संशोधकांचा एक शोधनिबंध ऑनलाइन प्रसिद्ध केला. शंभरी गाठलेल्या सुमारे हजार जणांचा डीएनए तपासून त्यांनी दीडशे जनुकीय खुणा (डीएनएमधील अशा जागा, जिथे माणसामाणसांत अक्षर वेगळे असते) निवडल्या होत्या आणि त्यांच्या आधारे एखादी व्यक्ती अतिदीर्घायुषी आहे की नाही, हे ७७ टक्के अचूकतेने ओळखता येते, असा त्यांचा दावा होता. जुलै २०११ मध्ये त्यांनी तो निबंध मागे घेतला. त्यात लबाडी नव्हती. जनुकीय खुणा तपासण्याच्या (जीनोटायपिंगच्या) एका चिपमधील तांत्रिक दोष आणि अपुरे गुणवत्ता-नियंत्रण ही कारणे होती.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी चिपचे काम पाहावे लागेल. जीनोटायपिंगची चिप डीएनएमधील अक्षरे थेट वाचत नाही. तिच्यावरील लाखो शोधकांना (डीएनएच्या छोट्या, ठरावीक तुकड्यांना) नमुन्यातील डीएनएचे तुकडे चिकटतात, त्यातून प्रकाश निर्माण होतो आणि त्या प्रकाशाची तीव्रता यंत्र मोजते. हजारो नमुन्यांची ही मापे आलेखावर मांडली की एका खुणेसाठी बहुधा तीन पुंजके दिसतात, आणि आपला ठिपका ज्या पुंजक्यात पडेल तो आपला जीनोटाइप, म्हणजे त्या खुणेवर आई-वडिलांकडून आलेल्या दोन अक्षरांची जोडी, ठरतो. दोन पुंजके एकमेकांत मिसळले, तर सॉफ्टवेअर जागा रिकामी सोडते किंवा, याहून वाईट म्हणजे, चुकीचे उत्तर ठामपणे देते.

अशा चुका रुग्ण आणि निरोगी अशा दोन्ही गटांत सारख्याच पसरल्या, तर खरा संबंध फक्त थोडा पुसट होतो. मात्र एक गट एका चिपवर आणि दुसरा गट दुसऱ्या चिपवर तपासला असेल, तर चिपमधला फरकच रोगाचा किंवा दीर्घायुष्याचा फरक म्हणून समोर येतो. म्हणून दोन्ही गटांचे नमुने प्रत्येक प्लेटवर (अनेक नमुने एकत्र तपासण्याच्या तबकावर) शेजारीशेजारी, सरमिसळ करून ठेवणे हा पहिला उपाय आहे, आणि माझ्या मते नंतरच्या कोणत्याही गणितापेक्षा तो मोलाचा आहे. यूके बायोबँक या ब्रिटनमधील मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांचे नमुने १०६ तुकड्यांमध्ये (गटागटाने) तपासले, तेव्हा एखाद्या खुणेचे प्रमाण तुकडीगणिक बदलते का, हे स्वतंत्रपणे पाहिले गेले.

नमुन्यांची तपासणी त्या मानाने सरळ आहे. नोंदीतले लिंग आणि एक्स गुणसूत्रावरून दिसणारे लिंग जुळले नाही, तर नळ्यांची अदलाबदल झाल्याची शंका येते. विषमयुग्मकता, म्हणजे आई आणि वडील यांच्याकडून वेगवेगळी अक्षरे आलेल्या खुणांचे प्रमाण, अवाजवी जास्त असेल, तर दोन नमुने मिसळल्याची.

भारतात मात्र नमुने आणि खुणा गाळण्याच्या परदेशी मर्यादा जशाच्या तशा उचलणे धोक्याचे आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातही अनेक समाजांत आहे आणि अशा जोडप्यांच्या मुलांमध्ये विषमयुग्मकता खरोखरच कमी असते. तो प्रयोगशाळेचा दोष नव्हे. तसेच स्वतःतच विवाह करणारे अनेक समाज एकत्र करून हार्डी-वाइनबर्ग चाचणी (तीन जीनोटाइपांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का, हे पाहणारी) लावली, तर चांगल्या खुणासुद्धा सदोष ठरून गाळल्या जातात. ती चाचणी प्रत्येक समाजगटात वेगळी, आणि शक्यतो निरोगी गटावरच करावी.

एवढे करूनही ज्या मोजक्या खुणा ५ × १०⁻⁸ ही सांख्यिकीय मर्यादा ओलांडतात (म्हणजे केवळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता याहूनही कमी असते), त्यांचे पुंजके कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेच पाहिजेत आणि त्या खुणा दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासून घेतल्या पाहिजेत.